‘स्मृतिचित्रे’मधील दांपत्यजीवन : मोह, परीक्षा आणि समाधान

लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. तेव्हापासून मराठी समीक्षेने त्याचा गौरव मुख्यतः दोन अंगांनी केला. एक अंग भाषेचे : घरगुती बोलीचा ठसका, स्वतःवरच उलटणारा विनोद, अलंकरणाचा अभाव. दुसरे अंग सामाजिक दस्तऐवजाचे : सोवळेओवळे, बालविवाह, दुष्काळ, प्लेग, मिशनऱ्यांचे जग. ही दोन्ही अंगे खरी आहेत. तथापि या दोहोंच्या मध्ये या ग्रंथाचा जो कणा आहे, त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ‘स्मृतिचित्रे’ हा एका विवाहाचा वृत्तान्त आहे. तो विवाह पतीच्या धर्मांतराने दुभंगला, काही वर्षे दुभंगलेलाच राहिला आणि पुढे पुन्हा सांधला गेला. समीक्षक धर्मांतराचा उल्लेख बहुधा ‘वादळ’ या शब्दाने करतात आणि वादळ ओसरल्यावर संसार पूर्ववत सुरू झाला, असे गृहीत धरतात. संसार पूर्ववत झाला नाही. तो निराळ्या पायावर उभा राहिला आणि त्या पायाचे स्वरूप समजून घेण्यासाठी ख्रिस्ती श्रद्धेने या दांपत्यजीवनात नेमके कोणते कार्य केले, हे पाहावे लागते. प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच आहे.

आरंभी दोन शब्दांचा विचार करणे उपयुक्त ठरेल. प्रभू येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेत एका संकटापासून रक्षण मागितले आहे. मराठी प्रॉटेस्टंट परंपरेने त्या जागी ‘परीक्षा’ हा शब्द योजला. कॅथॉलिक प्रार्थनेत तेथे ‘मोह’ हा शब्द रूढ आहे. मूळ ग्रीक शब्दात दोन्ही छटा असल्याने कोणतेही भाषांतर चुकीचे म्हणता येत नाही. पण मराठी वाचकाच्या मनात हे दोन शब्द फार वेगळे संस्कार जागे करतात. ‘मोह’ म्हटले की गीतेचे व वेदान्ताचे वातावरण येते, भुलविणारी बाह्य वस्तू येते आणि विवाहाच्या संदर्भात परस्त्री अथवा परपुरुष येतो. ‘परीक्षा’ म्हटले की कसोटी येते. तेथे भुलविणारे कोणी असावेच लागते असे नाही. टिळक दांपत्याच्या जीवनातील संकट हे या दुसऱ्या जातीचे आहे. त्यात तिसरी व्यक्ती नाही. डोंगरावरील प्रवचनात येशूने व्यभिचाराची मर्यादा कृतीपासून मनापर्यंत मागे नेली. मनाने जोडीदाराला सोडून देणे हेही त्या दृष्टीने निष्ठाभंगच ठरते. ही कसोटी लावली, तर धर्मांतरानंतरच्या वर्षांत पती आणि पत्नी दोघांसमोरही मनाने सोडून देण्याचे पुष्कळ सबळ कारण होते, असे दिसून येईल.

तिसरा शब्द ‘समाधान’. नव्या करारातील पत्रांच्या मराठी भाषांतरात भक्तीच्या जोडीला ‘चित्तसमाधान’ ठेवलेले आहे, आणि बंदिवासातून लिहिलेल्या एका पत्रात पौलाने तृप्त राहणे आपण शिकलो, असे म्हटले आहे. येथे ‘शिकणे’ हे क्रियापद महत्त्वाचे. समाधान हे लाभत नाही, ते अभ्यासाने येते, ही कल्पना संतसाहित्याच्या वाचकाला परकी नाही. परंतु संतपरंपरेत हे समाधान बहुधा प्रपंचाच्या पलीकडे शोधले जाते.

संतांच्या घरातील विवाहाचे चित्र मराठी साहित्यात कसे आले आहे, हे येथे आठवावे. महिपतीच्या चरित्रग्रंथांनी रूढ केलेला तुकाराम हा विठ्ठलरंगी रंगलेला आहे आणि त्याची पत्नी जिजाई ही कांगावखोर, कर्कश, देवाला शिव्या घालणारी. उपाशी मुले तिच्या पदरात असतात, याची दखल कथाकार घेतो, पण बाजू मात्र तुकोबांची. एकनाथ-गिरिजाबाई हे अनुरूप दांपत्याचे उदाहरण खरे, पण तेथे परीक्षाच नाही. पत्नी पतीच्या मागे निःशंक उभी आहे. बहिणाबाईची गोष्ट निराळी. तिच्या आत्मपर अभंगांत भक्ती पत्नीची आहे आणि संताप पतीचा. शूद्र गुरूचा ध्यास घेतलेल्या ब्राह्मण पत्नीला तो मारझोड करतो, आणि ती शेवटी पतिव्रताधर्म व हरिभक्ती यांचा मेळ स्वतःपुरता लावते. एका घरात दोन निष्ठा आल्या म्हणजे काय होते, याचा स्त्रीच्या तोंडून आलेला मराठीतील हा फार जुना पुरावा होय. ‘स्मृतिचित्रे’ या परंपरेला दोन जागी वळण देते. येथे देवासाठी घर विसरणारा पती आहे, म्हणजे तुकोबांचे घर आहे. पण कथा सांगते आहे ती जिजाई. टिळक स्वतः तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आल्याचे सांगत असत, तेव्हा हे साम्य केवळ समीक्षकाच्या सोयीचे नाही.

मराठी ख्रिस्ती साहित्याने आदर्श दांपत्याचे चित्र याआधीच रेखाटले होते. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीत विनायक आणि यमुना एकत्र प्रवास करतात, विधवांच्या दुःखाच्या कहाण्या ऐकतात आणि दोघांची मने एकाच दिशेने वळतात. विनायक मृत्युशय्येवर बाप्तिस्मा घेतो. यमुना पुढे ख्रिस्ती पुरुषाशी पुनर्विवाह करते. सुधारणेच्या दृष्टीने ही कादंबरी धीट आहे, पण दांपत्यजीवनाच्या दृष्टीने ती फारच सोपी आहे. पती-पत्नींच्या मतात अंतर पडत नाही. अंतर पडले तर काय, हा प्रश्न पदमनजींनी विचारला नाही. त्याचे उत्तर प्रत्यक्ष जीवनात द्यावे लागले ते पुढील पिढीला, आणि त्यातही नाशिकच्या परिसराशी बांधलेल्या या जोडप्याला.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ मध्ये नाशिकजवळच्या जलालपूर या गोदाकाठच्या गावी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. वडिलांचे सोवळे इतके पराकोटीचे, की घरात येणारा जिन्नस धुतल्यावाचून आत जात नसे. लक्ष्मीबाईंनी त्यावर पानेच्या पाने हसत लिहिली आहेत, पण हेच सोवळे पुढे त्यांच्या स्वतःच्या परीक्षेचा विषय होणार होते. नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१ चा, कोकणातील करजगावचा. नाशिकला त्यांनी गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृतचे अध्ययन केले. विवाह १८८० मध्ये झाला. तेव्हापासूनच टिळकांचा स्वभाव पत्नीच्या वाट्याला आला : विलक्षण प्रेमळ, विलक्षण तापट, हाती पैसा न टिकणारा आणि कोणास न सांगता घरातून निघून जाणारा. अक्षरओळखीपुढचे लिहिणे-वाचणे लक्ष्मीबाईंना त्यांनीच शिकविले. म्हणजे धर्मांतरापूर्वीही हा संसार शांत नव्हता, ही गोष्ट विसरता कामा नये. श्रद्धेने एक सुखी विवाह मोडला, असे म्हणणे जितके चूक, तितकेच तिने एका दुःखी विवाहाला सुखी केले, असे म्हणणेही चूक.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीला विश्वासात घेऊन नव्हे. ज्या धर्मात प्रवेश केला त्याच्या कसोटीनेही ही टिळकांची मोठी उणीव मानावी लागते, आणि लक्ष्मीबाईंनी ती झाकलेली नाही. त्यांचा मुलगा दत्तू, म्हणजेच पुढील काळातील देवदत्त, तेव्हा जेमतेम साडेतीन वर्षांचा होता. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. सधवा म्हणावे तर घर नाही, विधवा म्हणावे तर कुंकू आहे. या स्थितीत बहिणीच्या आधाराने त्या काही काळ पंढरपूरला राहिल्या. त्यांची कविता याच विरहातून उगवली, ही मराठी काव्येतिहासाला माहीत असलेली गोष्ट आहे.

या वर्षांतील टिळकांपुढची परीक्षा समजण्यासाठी त्या वेळचा कायदा ठाऊक असावयास हवा, आणि ‘स्मृतिचित्रे’च्या चर्चेत तो जवळजवळ कधीच येत नाही. १८६६ साली हिंदुस्थान सरकारने ख्रिस्ती झालेल्या एतद्देशीयांच्या विवाहविच्छेदासंबंधी २१ वा कायदा केला. धर्मांतर केलेल्या पतीला पत्नीने त्याच कारणाने सलग सहा महिने सोडले, तर तिने सहवासास यावे म्हणून त्याला दावा करता येत असे. पत्नीने नकार दिल्यास न्यायालय वर्षभराची मुदत देई आणि त्यानंतरही नकार कायम राहिल्यास विवाह रद्द होऊन दोघांना पुनर्विवाहाची मोकळीक मिळे. या कायद्याच्या मुळाशी करिंथकरांस लिहिलेल्या पौलाच्या पहिल्या पत्रातील सातवा अध्याय आहे. तेथे पौल दोन गोष्टी सांगतो. विश्वास न ठेवणारी पत्नी जर नांदावयास राजी असेल, तर विश्वासी पतीने तिला सोडू नये. ती जर निघून गेली, तर तो बांधलेला नाही. कायद्याने यातील दुसऱ्या वाक्याचे कलमात रूपांतर केले. पहिल्या वाक्याचे कलम करता येण्यासारखे नव्हते.

सहवासासाठी दावा म्हणजे काय, हे १८९५ मधील महाराष्ट्राला सांगावे लागत नव्हते. दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई हा खटला १८८४ पासून १८८८ पर्यंत गाजला होता. पतीकडे न गेल्यास तुरुंग, असा हुकूम १८८७ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने दिला होता आणि सुशिक्षित मराठी समाज त्यावरून दुभंगला होता. टिळकांच्या हाती अशा प्रकारे दोन शस्त्रे होती : पत्नीला न्यायालयात खेचण्याचे आणि तिच्यातून मुक्त होऊन नव्या समाजात नवा संसार थाटण्याचे. दुसरे शस्त्र वापरणे मोहाचे खरे. पण ते पाप ठरले नसते, शास्त्र आणि कायदा दोन्ही पाठीशी होते. ही परीक्षेची अवघड जात आहे. निषिद्ध वस्तूचा मोह ओळखू येतो; हक्काच्या वस्तूचा मोह ओळखू येत नाही. टिळकांनी दोन्ही शस्त्रे उचलली नाहीत. ते अहमदनगरला राहिले, पत्नीला पत्रे लिहीत राहिले आणि तिने धर्म सोडला पाहिजे अशी अट त्यांनी घातली नाही. पौलाच्या दोन वाक्यांपैकी पहिले त्यांनी धरले, तेही पत्नी नांदावयास राजी होण्यापूर्वी. ज्या माणसाला क्षणाचा धीर नव्हता, घरातील वस्तू हरवली तर घर डोक्यावर घेणे हा ज्याचा स्वभाव, तो माणूस सुमारे चार-पाच वर्षे थांबला. टिळकांच्या श्रद्धेचा पुरावा त्यांच्या अभंगांत जसा आहे, तसाच तो या थांबण्यात आहे. किंबहुना अधिक आहे.

सर्वच धर्मांतरितांच्या वाट्याला असा विवाह आला नाही, हेही खरे. नाशिकजवळ चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात वसविलेल्या शरणपूरचे नावच बोलके आहे. घर सुटलेल्यास तेथे घर मिळे, समाज मिळे, पुष्कळदा त्या समाजातच विवाहही होई. (गुलामगिरीतून सोडविलेली आफ्रिकी मुलेही तेथे शिकली; त्यांची हकीकत स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) अशा वसाहतीत श्रद्धा आणि विवाह यांचे द्वंद्व सहसा उभे राहात नसे, कारण दोन्ही एकाच कुंपणात असत. टिळकांनी ते द्वंद्व टाळले नाही.

आता लक्ष्मीबाईंची बाजू. त्यांच्यापुढील मोहाला रूढ अर्थाने मोह म्हणणे अन्यायाचे वाटेल, कारण अन्याय त्यांच्यावरच झाला होता. पण ‘स्मृतिचित्रे’चे सामर्थ्य असे, की लेखिका स्वतःला केवळ अन्यायपीडित म्हणून रंगवीत नाही. समाजाची सहानुभूती त्यांच्याकडे होती, नातलग पाठीशी होते, धर्म राखल्याचा मान होता. दुखावलेल्याला मिळणारा हा मान सोडणे सोपे नसते. त्या टिळकांकडे गेल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे, पतीजवळ राहण्यासाठी. आपले सोवळे सांभाळून, वेगळी चूल मांडून त्यांनी अहमदनगरात संसार सुरू केला, आणि टिळकांनी त्यांच्या आचाराला धक्का लागू नये अशी व्यवस्था केली. एका छपराखाली दोन धर्म, दोन चुली. मराठी गृहजीवनाच्या इतिहासात याला तोड सापडणे कठीण आहे. हे सहजीवन दोघांनाही अवघडच होते. लेखिकेच्या विनोदामुळे त्या अवघडपणाचा काच कमी भासतो एवढेच.

त्यांचे परिवर्तन पतीच्या युक्तिवादाने झाले नाही, ही गोष्ट येथे विशेष महत्त्वाची. ते झाले जातीच्या प्रश्नावरून. हा स्पृश्य, तो अस्पृश्य, हा भेद देवाने केला की माणसाने, असा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला, स्वतःच उत्तर दिले आणि त्यानंतर कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचे ठरविले. ज्या मुलीचे बालपण धुण्या-शिंपडण्यात गेले, तिच्या दृष्टीने हा निर्णय बाप्तिस्म्याहून लहान नव्हता. बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. तो या निर्णयाच्या मागून आला. याचा अर्थ असा, की पत्नीने पतीचा धर्म ‘पतिव्रता’ म्हणून स्वीकारला नाही. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या ग्रंथातील समाधान पतीच्या थोरवीत स्वतःला विलीन करण्याचे आहे, आणि ते प्रामाणिक आहे. लक्ष्मीबाईंचे समाधान त्या जातीचे नाही. त्यांची श्रद्धा पतीच्या श्रद्धेला समांतर वाढली, म्हणूनच पतीकडे हसून पाहण्याची मोकळीक त्यांना राहिली.

या हसण्याविषयी थोडे अधिक लिहावयास हवे. बाप्तिस्म्यानंतर टिळक बदलले नाहीत. राग तोच, उधळेपणा तोच, कोणालाही घरी घेऊन येणे तेच. फक्त आता त्याला ख्रिस्ती सेवेचे नाव मिळाले. अनाथ मुले घरात आली, ती लक्ष्मीबाईंनी वाढविली. धर्मकथांच्या साच्यात येथे पतीचे हृदयपरिवर्तन दाखविले गेले असते. ‘स्मृतिचित्रे’त तसे नाही, आणि म्हणूनच त्यातील समाधानावर विश्वास बसतो. लेखिका पतीचा दोष सांगते, मग त्या दोषाने झालेली फजिती सांगते, त्या फजितीत स्वतःही कशी सामील होतो तेही सांगते; प्रसंग संपतो तेव्हा हिशेब कोणाच्याच नावे शिल्लक राहिलेला नसतो. क्षमा हा शब्द फारसा न वापरता क्षमेची रीत गद्याच्या चालीतच उतरली आहे. समीक्षक ज्याला लक्ष्मीबाईंचा विनोद म्हणतात, तो निव्वळ स्वभावाचा भाग नसून जोडीदाराच्या अपराधांची वही न ठेवण्याचा अभ्यास आहे, असे मत येथे मांडावयाचे आहे. मात्र एक दक्षता घ्यावी लागते. हा ग्रंथ टिळकांच्या मृत्यूनंतर, देवदत्तांनी वडिलांच्या चरित्रासाठी आईकडे आठवणी मागितल्या त्यातून आकाराला आला. दुःख निवल्यावरचे हे लेखन आहे. पंढरपूरच्या दिवसांत लक्ष्मीबाई असे हसल्या असत्या, असे समजणे त्यांच्या दुःखाचा अवमान ठरेल. शिवाय, सहन करण्याचा हा अभ्यास मुख्यतः पत्नीच्याच वाट्याला आला, हा स्त्रीवादी समीक्षेचा आक्षेपही डावलता येत नाही. टिळकांचे थांबणे चार-पाच वर्षांचे. लक्ष्मीबाईंचे सांभाळून घेणे जन्माचे.

टिळकांची अखेरची परीक्षा १९१७ ची. त्या वर्षी त्यांनी मिशनची नोकरी सोडली, ते साताऱ्यास गेले आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्याही ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ त्यांनी स्थापन केला. ख्रिस्ती संन्याशाची कल्पना त्यांच्या मनात प्रबळ होती. तारुण्यात घर सोडून भटकणाऱ्या माणसाला हा मोह जुना होता. आता त्याला पवित्र वस्त्र मिळाले होते. तरी या संन्यासाने गृहस्थाश्रम मोडला नाही. हिंदू परंपरेतील संन्यासी पत्नीची अनुज्ञा घेऊन तिला मागे ठेवतो. टिळकांनी संन्यास घरातच आणला. त्याची व्यवहारातील गैरसोय अर्थात घरातल्या माणसांनी सोसली. १९१९ मध्ये टिळक निवर्तले.

त्यांच्यामागे ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य अपुरे राहिले होते. टिळकांच्या हातून सुमारे दहा अध्याय झाले होते. शाळेत कधी न गेलेल्या, पतीकडूनच अक्षरे शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय रचले. या सहलेखनाकडे मराठी समीक्षेने काव्य म्हणून पाहिले आणि ते थोडे सैल आहे असे म्हणून पुढे गेली. दांपत्यजीवनाचा लेखी पुरावा म्हणून त्याची किंमत निराळी आहे. ज्या ख्रिस्तापायी संसार मोडला, त्याचेच चरित्र पत्नीने पतीच्या छंदात, पण आपल्या शब्दांत, वर्षानुवर्षे बसून पुरे करीत नेले. कराचीतील वास्तव्यानंतर लक्ष्मीबाई मुलाच्या कुटुंबासह नाशिकला परतल्या. ‘स्मृतिचित्रे’चा चौथा भाग छापून निघण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १९३६ रोजी, जलालपूरपासून काही मैलांवरच्या याच गावी त्यांचे निधन झाले, तो भाग देवदत्तांनी पुरा करून प्रसिद्ध केला.